युद्धात रेल्वे 'उडवतात' म्हणजे नेमकं काय करतात?

गेल्या रविवारी ठाणे स्टेशनच्या कल्याणकडच्या टोकाला आम्ही दोघं अडकलो होतो, मी आणि आमच्या मजल्यावरचे नाना. मेगाब्लॉक होता. नानांनी पेपर चार घड्या करून हातात धरला होता आणि त्यातली एक बातमी त्यांना छळत होती. युक्रेनमध्ये पुन्हा रेल्वेवर हल्ला झाला होता.

"अहो, मागच्या आठवड्यात पण हीच बातमी होती. उडवली ना एकदा? मग रोज रोज काय उडवतात? आणि उडवली तर यांच्या गाड्या चालतात कशा?"

प्रश्न अगदी रास्त होता. बातमीत 'रेल्वे उद्ध्वस्त' असं छापून येतं आणि दोन दिवसांनी त्याच मार्गावरून गाडी आल्याचा फोटो येतो. दोन्ही खरं कसं असेल?

मी समोर बोट दाखवलं. पलीकडच्या रुळावर केशरी जॅकेट घातलेली दहा-बारा माणसं होती. जुना रूळ बाहेर काढून ठेवलेला, नवा आत सरकवायचा होता. सगळ्यांनी लोखंडी चिमट्यांनी रूळ धरला, मुकादमाने हाक दिली, बाकीच्यांनी 'हैश्शा' म्हटलं आणि तो अजस्र लोखंडी दांडा वीतभर सरकला. पुन्हा हाक, पुन्हा वीतभर. मग एक जण घण घेऊन आला आणि चाव्या ठोकत निघाला. चावी म्हणजे रुळाला स्लीपरवर घट्ट धरून ठेवणारी वळणदार क्लिप. ठण्, ठण्, ठण्. आम्ही उभे होतो तेवढ्यात तो तुकडा जागेवर बसलासुद्धा.

नानांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच होतं. उरलेलं निम्मं सांगायला ही जागा घेतो.

डिस्पॅचवाल्याच्या नजरेतून

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत एकतीस वर्षं डिस्पॅचला होतो. तिथे शिकलेली गोष्ट एकच: गोडाऊनमध्ये पडलेला माल हा माल नसतो. तो गिऱ्हाइकाच्या दारात पोचला तर माल, नाहीतर नुसती अडचण.

सैन्याचंही तसंच आहे. तोफगोळा कारखान्यात असेल तर तो लढत नाही. सैन्याला लागणारं अन्न, दारूगोळा, इंधन, औषधं, कपडे या सगळ्याला जुना, नेमका शब्द आहे, रसद. आणि जड रसद लांबवर नेण्यात जमिनीवर रेल्वेचा हात धरणारं अजून दुसरं काही नाही.

उरणच्या बंदरातून निघणारी कंटेनरची मालगाडी पाहिली असेल. साधारण 45 वाघिणी (म्हणजे मालडबे), त्यांवर वीसफुटी 90 कंटेनर, एक लोको पायलट, त्याचा सहायक आणि एक गार्ड, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. तोच माल रस्त्याने न्यायचा तर प्रत्येकी दोन कंटेनर धरून 45 ट्रेलर, 45 ड्रायव्हर. पनवेल-उरणकडच्या माणसाला ट्रेलरची रांग म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

सैन्याच्या बाबतीत हा हिशेब एका सेनापतीने स्वतःच मांडून ठेवलाय. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, उत्तरेचा जनरल विल्यम शर्मन अटलांटावर चालून गेला. त्याच्यामागे एकेरी रेल्वेमार्ग होता, 473 मैलांचा, म्हणजे सुमारे 760 किलोमीटर. त्या एका मार्गाने 1 लाख सैनिक आणि 35 हजार जनावरं 196 दिवस पोसली. हेच काम खेचरांच्या गाड्यांनी करायचं तर प्रत्येकी सहा खेचरांच्या 36,800 गाड्या लागल्या असत्या, असं शर्मनचं गणित. म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास खेचरं. आणि खेचरं चारा खातात. तो चारा वाहायला पुन्हा गाड्या.

आता शत्रूच्या जागी बसून बघा. एक लाखाचं सैन्य दोन लोखंडी पट्ट्यांना लटकलेलं आहे. हात शिवशिवणारच.

रूळ तोडायचा म्हणजे किती तोडायचा?

आपल्या मुख्य मार्गांवरचा रूळ मीटरला 60 किलो भरतो. तेरा मीटरचा तुकडा पाऊण टनाच्या वर. त्याखाली स्लीपर, स्लीपरखाली खडी. एखाद्या टोळीने रात्रीत चाव्या काढल्या आणि रूळ बाजूला ढकलला, तर सकाळी दुसरी टोळी येऊन तोच रूळ परत बसवते. लोखंड कुठे गेलेलं नसतं. याला तोडणं म्हणता येत नाही. फार तर खोडी.

शर्मनच्या माणसांना हे पक्कं माहीत होतं, कारण त्यांचा स्वतःचा मार्ग शत्रू सारखा उखडत होता. म्हणून दक्षिणेची रेल्वे मोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी वेगळी रीत वापरली. लाकडी स्लीपर उपसून त्यांची होळी पेटवायची. वर रूळ आडवे टाकायचे. मधला भाग लालबुंद झाला की दोन्ही टोकं धरून रूळ झाडाभोवती गुंडाळायचा. झाडांच्या गळ्यात लोखंडाचे टाय बांधल्यासारखं दिसायचं, म्हणून त्याला नावच पडलं 'शर्मनचे नेकटाय'.

यातली खरी मेख मात्र पिळण्यात होती. नुसता वाकलेला रूळ पुन्हा तापवून ठोकून सरळ करता येतो. पिळलेला रूळ वितळवून कारखान्यात नव्याने लाटावा लागतो. आणि असे कारखाने दक्षिणेकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे शर्मन जॉर्जियातल्या जंगलात रूळ पिळत होता आणि ओझं पडत होतं शेकडो मैल दूरच्या भट्ट्यांवर. शत्रूला काय परत मिळवता येणार नाही हे ओळखून तेवढंच मोडायचं, ही या सगळ्या विद्येची बाराखडी.

पहिल्या महायुद्धात अरबस्तानात तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या अरबांसोबत असलेल्या टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने याच बाराखडीचा पुढचा धडा गिरवला. दमास्कसहून मदिनेला जाणारी तुर्कांची हेजाझ रेल्वे सुमारे 1,300 किलोमीटरची, वाळवंटातून जाणारी. लॉरेन्सची माणसं शक्यतो वळणावरचे रूळ धरायची, कारण सरळ रूळ कुठलाही चालतो पण वळणाचा तसाच वाकवलेला आणावा लागतो. स्लीपरखाली लहानसा स्फोट असा करायचे की रूळ तुटायचे नाहीत, वर उचलले जाऊन पाकळ्यांसारखे वाकायचे. त्याला ते 'ट्यूलिप' म्हणत. तुटलेल्या रुळाचा चांगला भाग कापून वापरता येतो. असा वेडावाकडा झालेला कशालाच उपयोगी नाही.

दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मनांनी तर नांगरच केला. इंजिनामागे एक वाघीण, तिच्या मागच्या बाजूला खाली सोडलेला प्रचंड पोलादी आकडा. गाडी पुढे चालली की मागे लाकडी स्लीपर काकडीसारखे मधोमध मोडत जायचे. आपण ज्या मार्गाने पळतोय तोच मार्ग मागे नांगरत जायचं.

एवढं केल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी कशी धावते?

कारण समोरच्या बाजूलाही गँगमन, म्हणजे रूळ दुरुस्त करणारे, असतात.

ऑक्टोबर 1864 मध्ये दक्षिणेच्या हूड या सेनापतीने शर्मनच्या पाठीमागचा मार्ग सुमारे आठ मैल उखडला. 35 हजार नवे स्लीपर लागले, सहा मैलांचं लोखंड लागलं. शर्मनने 10 हजार माणसं कामाला लावली आणि साधारण सात दिवसांत मार्ग चालू. हा सगळा प्रकार इतका नेमाने चालायचा की शत्रूच्या सैनिकांत एक विनोद रूढ झाला. बोगदा उडवून काही उपयोग नाही, शर्मन सोबत एक जादा बोगदा घेऊनच फिरतो! पारसिकच्या बोगद्यात गाडी थांबली की मला हा विनोद आठवतो आणि शेजारचा माणूस माझ्याकडे बघतो.

त्याआधी दोन वर्षं, मे 1862 मध्ये, हर्मन हाउप्ट या इंजिनिअरने व्हर्जिनियात पोटोमॅक क्रीकवर सुमारे 400 फूट लांब आणि 80 फूट उंच लाकडी पूल नऊ दिवसांत उभा केला, तोही बव्हंशी अडाणी सैनिकांकडून. अब्राहम लिंकन तो बघायला गेले आणि म्हणाले की या पुलात शेंगांच्या वेलांना लावतात तसल्या काठ्या आणि मक्याची ताटं यांखेरीज काही नाही. पण त्यावरून आगगाड्या जात होत्या. हाउप्टने पुढे पुलांचे सुटे भाग आधीच तयार करून ठेवायची पद्धत बसवली.

आपण ठाणेकरांनी याचा शांततेतला अवतार पाहिलाय. 2024 च्या मे अखेरीस पाच-सहा नंबरचा फलाट रुंद करायला 63 तासांचा ब्लॉक घेतला होता. एवढं काम तेवढ्यात झालं, कारण सिमेंटचे ठोकळे आधीच तयार होते, माणसं आधीच नेमली होती, कुणी काय करायचं ते आधीच ठरलं होतं. युद्धातली दुरुस्ती याच जातीची, फक्त ब्लॉक शत्रू जाहीर करतो आणि वेळापत्रक देत नाही.

युक्रेनमध्ये खेरसन शहर 11 नोव्हेंबर 2022 ला परत हाती आलं आणि 19 तारखेला कीव्हहून तिथे प्रवासी गाडी पोचली. आठ दिवस!

कोरियातली गोष्ट तर अमेरिकेच्या हवाई दलाला चांगलीच लागली. 1951 मध्ये 'ऑपरेशन स्ट्रँगल' म्हणजे गळा आवळायची मोहीम निघाली. महिनोन् महिने उत्तर कोरियातल्या रुळांवर आणि पुलांवर बॉम्ब पडत राहिले. खाली दुरुस्तीच्या टोळ्या बसलेल्याच, मातीने खड्डा भरायचा, रूळ टाकायचा. काही ठिकाणी तर पुलाचा एक गाळा दिवसा काढून ठेवायचे, म्हणजे वरून पूल मोडका दिसेल. अंधार पडला की तो गाळा परत बसवून गाड्या सोडायच्या. गळा काही आवळला गेला नाही. त्याचं दुसरंही कारण होतं. आघाडी एका जागी थिजली होती, आणि खंदकात बसलेलं सैन्य फार खात नाही, फार गोळेही उडवत नाही. थोडी रसद झिरपत पोचली तरी त्यांचं भागत होतं.

मात्र दुरुस्त झाली म्हणजे पहिल्यासारखी झाली, असं नाही. घाईने बसवलेल्या रुळावरून गाडी पूर्ण वेगाने नेता येत नाही, खडी बसायला वेळ लागतो. जिथून दिवसाला तीस गाड्या जात तिथून दहा जातात. नकाशावर मार्ग 'चालू', हिशेबात वीस गाड्या गायब. बातमीत ही वजाबाकी क्वचित येते.

मग मारायचं कुठे?

रूळ ही रेल्वेतली सर्वात स्वस्त आणि सर्वात लवकर बदलता येणारी वस्तू आहे, हे एकदा मान्य केलं की बाकीचं आपोआप उलगडतं. कुठलीही गोष्ट किती वेळ बंद राहील, एवढंच मोजायचं. रूळ असेल तर काही तास. सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) आणि सिग्नल असतील तर त्याहून जास्त, कारण ते जागच्या जागी घडवता येत नाहीत. मोठा पूल किंवा बोगदा असेल तर आठवडे, महिने. इंजिन गेलं तर नवीन बनेपर्यंत गेलंच. अनुभवी ड्रायव्हर, स्टेशन मास्तर, सिग्नलवाला गेला तर त्याच्या जागी माणूस तयार व्हायला वर्षं.

दुसरी नाजूक जागा म्हणजे यार्ड. एका मालगाडीतल्या सगळ्या वाघिणी एकाच गावाला जात नाहीत. त्या सोडवून, निवडून, ज्या त्या गावाच्या नव्या गाडीला जोडायच्या, ते काम जिथे होतं ते यार्ड. आपल्या घरात जसा सगळ्या वायरींचा एक बोर्ड असतो तसं. एका खोलीची वायर तुटली तर एक दिवा जातो, बोर्ड जळला तर सगळं घर अंधारात.

1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी दोस्त राष्ट्रांनी जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्सची रेल्वे कशी मोडायची यावर महिनोन् महिने वाद घातला. सॉली झुकरमन हा मुळात प्राण्यांचा अभ्यासक. त्याचा आग्रह यार्डं आणि इंजिनांची दुरुस्ती-केंद्रं फोडायचा होता. इतर काही जण पूल म्हणत होते, काही जण तेलाचे कारखाने. शेवटी यार्डंही फोडली आणि पूलही पाडले. आतून फ्रेंच रेल्वे कामगारांनी आपल्या परीने हात चालवला. दक्षिण फ्रान्समध्ये रणगाडे वाहणाऱ्या वाघिणींच्या आसांत वंगणाऐवजी घासणारी पेस्ट भरली गेली. एक जर्मन रणगाडा डिव्हिजन त्यामुळे रस्त्याने निघाली आणि तिला नॉर्मंडी गाठायला दोन आठवड्यांच्या वर लागले. रणगाडा रस्त्याने लांब चालवला की त्याचे पट्टे झिजतात, इंधन संपतं, हे निराळंच.

इथे कोरियाच्या अगदी उलट घडलं, कारण इथे शत्रूला घाईने हलायचं होतं. नेमकं त्याच आठवड्यात रेल्वे नसणं म्हणजे मोसंबी ट्रकमध्ये भरल्यावर घाट बंद होणं.

माझ्या डिस्पॅचच्या मनाला सर्वात भिडतं ते मात्र जर्मनीचं 1944-45 चं चित्र. रूरच्या खाणीत कोळसा निघत होता. ढिगारे लागत होते. पण यार्डं आणि कालवे बॉम्बनी मोडल्यामुळे तो हलेना, आणि दूरच्या कारखान्यांत, वीज केंद्रांत कोळसा नाही. ऑगस्ट 1944 मध्ये आठवड्याला सुमारे 9 लाख वाघिणी भरल्या जात होत्या. मार्च 1945 च्या सुरुवातीला आकडा आला 2 लाख 14 हजारांवर. माल आहे, गाडी नाही! हे वाक्य मी फोनवर किती वेळा बोललो असेन, पण माझ्या वेळी त्यात साम्राज्य बुडत नव्हतं.

विजेवरच्या रेल्वेला आणखी एक दुखरी जागा असते, ट्रॅक्शन सबस्टेशन. वरच्या तारेत वीज सोडणारं हे उपकेंद्र. 'ओव्हरहेड वायर तुटली' ही घोषणा ऐकून ज्यांची संध्याकाळ गेलीय त्यांना जास्त सांगत नाही. एप्रिल-मे 2022 मध्ये रशियाने युक्रेनची अशी उपकेंद्रं क्षेपणास्त्रांनी लक्ष्य केली. युक्रेनने डिझेल इंजिनं लावून गाड्या ओढल्या. म्हणजे दोन प्रकारची इंजिनं बाळगणं, जे एरवी लेखापरीक्षकाला उधळपट्टी वाटेल, तेच अशा वेळी कामी येतं.

पूल पाडला की विषय संपला ना?

नानांचा पुढचा प्रश्न हाच होता. पूल पाडला तर संपतो. पण पूल पडत नाही, ही अडचण.

वरून पाहिलं तर पूल म्हणजे एक रेघ. बॉम्ब दहा मीटर चुकला तर खाडीत पडतो आणि मासे मरतात. व्हिएतनाममधला थान होआचा पूल हे याचं नामी उदाहरण. रेल्वे आणि रस्ता दोन्ही वाहणाऱ्या या पुलावर अमेरिकन विमानांनी एप्रिल 1965 मध्ये पहिला मोठा हल्ला केला. शेकडो उड्डाणं झाली, विमानं पडली, वैमानिक कैद झाले, पूल उभाच. तो निकामी झाला 1972 मध्ये, लेझरने नेम धरणारे बॉम्ब आल्यावर. सात वर्षं!

जर्मनीत बीलेफेल्डजवळचा दगडी रेल्वेपूल असाच चिवट होता. 14 मार्च 1945 ला ब्रिटिशांनी त्यावर दहा टनांचा 'ग्रँड स्लॅम' बॉम्ब टाकला, त्या बॉम्बचा तो पहिलाच वापर. पुलाचे गाळे कोसळले. आणि तोवर जर्मनांनी पुलाला वळसा घालून खाली जमिनीवरून दुसरा मार्ग बांधून ठेवला होता.

आधुनिक उदाहरण हवं तर क्रायमियाला रशियाशी जोडणारा केर्चचा पूल. 8 ऑक्टोबर 2022 ला त्यावर स्फोट झाला आणि शेजारच्या रुळावरच्या इंधनाच्या टाक्या पेटल्या. पूल पडला नाही, रेल्वेही लवकरच सुरू झाली, पण पूर्ण दुरुस्ती पुढच्या वर्षावर गेली.

कधी कधी न तोडण्यात जास्त फायदा असतो

हे ऐकून नानांनी भुवया उंचावल्या. पुन्हा लॉरेन्सकडे जावं लागेल. मदिनेत तुर्कांची मोठी फौज होती. हेजाझ रेल्वे कायमची तोडली असती तर ती फौज शरण आली असती किंवा चालत उत्तरेकडे निघून दुसऱ्या आघाडीवर उभी राहिली असती. लॉरेन्सचा विचार असा की रेल्वे जेमतेम चालू राहू द्यावी, रोज थोडी मोडावी. मग तुर्क तिच्या राखणीला हजारो सैनिक वाळवंटात बसवून ठेवतील, रूळ आणत राहतील, दुरुस्ती करत राहतील. झालंही तसंच. मदिनेची फौज शेवटपर्यंत तिथेच अडकली आणि जानेवारी 1919 मध्ये, महायुद्ध संपून गेल्यावर, शरण आली.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत गनिमी तुकड्यांनी 1943 मध्ये जर्मनांच्या पाठीमागे जे 'रुळांचं युद्ध' छेडलं, त्यातही पहाऱ्याला गुंतलेले सैनिक हा मोठाच लाभ होता.

आपलीच रेल्वे आपण का तोडायची?

मागे सरताना चालू रेल्वे सोडून जाणं म्हणजे घराची किल्ली चोराला देणं. 1941 मध्ये जर्मन सोव्हिएत रशियात घुसले तेव्हा सोव्हिएतांनी होतील तेवढी इंजिनं आणि वाघिणी पूर्वेला ओढून नेल्या. शिवाय तिथल्या रुळांतलं अंतर जर्मन रुळांपेक्षा नऊ सेंटिमीटरने जास्त. या अंतराला गेज म्हणतात. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचं, जर्मन 1435. एक रूळ आत सरकवणं अवघड नव्हतं, पण रशियन इंजिनं जास्त पाणी घेऊन चालायची, म्हणून त्यांची पाण्याची ठाणी लांब लांब. जर्मन इंजिनांना तेवढ्यावर भागेना. मॉस्कोकडे जाणाऱ्या रसदीचे हाल व्हायला ही कारणंही होती.

आणि तोडायचं राहून गेलं तर? 7 मार्च 1945 ला ऱ्हाईन नदीवरचा रेमागेनचा रेल्वेपूल उडवताना जर्मनांचे सुरुंग नीट पेटले नाहीत. अमेरिकन पायदळ पळत पलीकडे गेलं. पूल दहा दिवसांनी स्वतःहून कोसळला, तोवर व्हायचं ते झालं होतं.

तोडूनही उपयोग न झाल्याचं उदाहरण आपल्याच 1971 च्या युद्धातलं. पाकिस्तानी फौजेने मेघना नदीवरचा भैरवबाजारचा रेल्वेपूल उडवला आणि भारतीय सैन्य आता थांबेल असं धरून चालली. जनरल सगतसिंगांनी हेलिकॉप्टरने माणसं पलीकडे उतरवली. पूल तोडणाऱ्याने रेल्वेचा विचार केला होता, आकाशाचा नाही.

गाडीत माणसं असतात त्यांचं काय?

हा आक्षेप नानांचा नव्हता. शेजारी लहान मुलाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईंचा होता. त्या इतका वेळ ऐकत होत्या.

युद्धाचे आंतरराष्ट्रीय कायदे सांगतात की लष्करी उपयोग असलेल्या गोष्टीवर हल्ला करता येतो, पण नागरिकांना होणारी इजा त्या उपयोगाच्या मानाने अवाजवी असता कामा नये. रेल्वेची पंचाईत अशी की त्याच रुळावरून दारूगोळाही जातो आणि आजीबाईही. फ्रान्सच्या यार्डांवरच्या हल्ल्यांबाबत चर्चिल स्वतः अस्वस्थ होते. शहरांच्या मधोमध असलेली ती यार्डं आणि भोवती राहणारी फ्रेंच माणसं, म्हणजे ज्यांना सोडवायला जायचं तीच. त्यांनी मृतांची 10 हजारांची मर्यादा घालायचा प्रयत्न केला. हल्ले झाले आणि माणसं हजारोंनी मेली.

युक्रेनमधल्या क्रामातोर्स्कच्या स्टेशनवर 8 एप्रिल 2022 ला जे झालं त्याला तर रसद तोडणं म्हणायलाही जीभ वळत नाही. गाव सोडून जायला जमलेल्या गर्दीवर क्षेपणास्त्र पडलं, साठच्या आसपास माणसं गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये शोस्तका स्टेशनात प्रवासी गाड्यांवर ड्रोन पडले. बाईंनी मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि काही बोलल्या नाहीत.

हे सगळं तिकडचं झालं, आपल्याकडे?

आपल्या ठाणे जिल्ह्यातच या. मुरबाड तालुक्यात सिद्धगड आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी 1942 च्या चळवळीत 'आझाद दस्ता' उभा केला. मुंबईच्या गिरण्या आणि इंग्रजांचा कारभार थंडावायचा तर काय तोडावं? दस्त्याने रूळ धरले नाहीत. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. युक्रेनची उपकेंद्रं फोडण्यामागचा हिशेब आणि हा हिशेब एकाच वहीतला, उद्देश मात्र दोन टोकांचे. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी माणसं तिथे जमतात.

त्याच वर्षी जूनमध्ये साताऱ्याकडे प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी अडवली. तिथेही रेल्वे मोडायची नव्हती, तिच्यातला पैसा हवा होता.

आणि दुसऱ्या बाजूचं, म्हणजे रेल्वे चालू ठेवणाऱ्यांचं. राजस्थानच्या सीमेवर बाडमेर जिल्ह्यात गडरा रोड नावाचं स्टेशन आहे. 1965 च्या युद्धात आघाडीवरच्या सैन्याला रसद पोचवताना तिथले 17 रेल्वे कर्मचारी पाकिस्तानच्या हल्ल्यात मारले गेले. ते सैनिक नव्हते, रेल्वेचे पगारी नोकर होते. दर 9 सप्टेंबरला रेल्वेची माणसं तिथे जाऊन त्यांना फुलं वाहतात.

नानांनी पेपर पिशवीत घातला. ब्लॉक संपायला चार वाजले. पहिली कल्याण स्लो त्या नव्या रुळावरून अगदी सावकाश आली, नवा रूळ बसवला की आधी अशीच हळू नेतात. केशरी जॅकेटवाले खडीवर बाजूला उभे राहून एकेका चाकाकडे बघत होते. दारात लटकलेल्या पोरांपैकी एकाने गाडी रेंगाळली म्हणून शिवी हासडली आणि आम्ही आत शिरलो.